तीन बोटांचं बटण

"ह्याला मधलं बटण कुठाय, तोडकर?"

मगदूम सरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून पोहे खात होतो. पलंगावर आडवी फळी, फळीवर त्यांचा लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या पॅडवर त्यांचा उजवा हात. हात त्यांनी ठेवला नव्हता, त्यांच्या पत्नीनं, शालनकाकूंनी, उचलून ठेवला होता. पडद्यावर पंपाच्या झाकणाचं मॉडेल होतं आणि ते गेली दहा मिनिटं एकाच अंगानं आमच्याकडे बघत होतं.

"पॅडला दोनच बटणं असतात, सर. डावं आणि उजवं."

"मग भाग फिरवायचा कसा?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही ज्या सॉफ्टवेअरवर मशीनचे भाग काढतो, त्यात भाग फिरवून बघायचा तर माउसचं मधलं चाक दाबून धरावं लागतं आणि तसंच दाबून माउस सरकवावा लागतो. चाक दाबायला बोटात जोर हवा. सरांच्या बोटांतला जोर सात महिन्यांपूर्वी जायला लागला होता. नसांचा आजार. हातापायांची ताकद हळूहळू जाते, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शेवटपर्यंत म्हणजे किती दिवस, ते सांगितलं नव्हतं.

मी माउस देऊन बघितला. तो त्यांच्या हाताखालून निसटून फळीवरून खाली पडला. काकूंनी उचलून दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि न बोलता पदराखाली घेऊन आत गेल्या.

"असू दे," सर म्हणाले. "तू पोहे खा."

त्या माणसाला मी आठ वर्षं रोज बघत होतो. शिरोलीतल्या आमच्या कारखान्यात ओतकामाचे भाग बनायचे, आणि प्रत्येक भागाचं ड्रॉइंग खाली ओतायला उतरायच्या आधी मगदूम सरांच्या टेबलावरून जायचं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'तपासले' अशी चौकट असते. त्या चौकटीत त्यांची सही पडल्याशिवाय घोरपडे साहेबसुद्धा भाग ओतायला लावत नसत. सरांची रीत अशी की मॉडेल पालथं घालून बघितल्याशिवाय सही करायची नाही. "चारी बाजू सगळेच बघतात," ते म्हणायचे. "बुड कोण बघत नाही. आणि चूक तिथंच बसलेली असते, गपगार." माझी कितीतरी ड्रॉइंगं त्यांनी बुडावरून परत पाठवली होती. मी मनात शिव्या घालायचो आणि दुरुस्त करायचो.

"तोडकर," पोहे संपल्यावर ते म्हणाले, "मला अजून कामावरून काढलेलं नाही. रजेवर आहे मी. उठता येत नाही, ठीक आहे. पण बघता येतंय. ड्रॉइंगं हितं आली तर तपासून देतो. तेवढं काम माझ्याकडं राहू दे. फक्त हे फिरलं पाहिजे."

मी हो म्हणालो. कसं करायचं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

मी काही प्रोग्रॅमर नाही. पण हातात घेतलेलं सोडायचं नाही, ही खोड मला होतीच. कुणा परदेशी माणसानं फुकट वाटलेला एक छोटा प्रोग्रॅम मला सापडला. पॅडवर किती बोटं टेकली हे तो मोजायचा आणि तीन टेकली की लॅपटॉपची समजूत घालायचा की मधलं बटण दाबलेलं आहे. दाबायचं काहीच नाही. बोटं नुसती टेकवायची आणि सरकवायची.

ऐकायला सोपं. करायला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी कळलं, की सरांची तीन बोटं एकदम टेकतच नाहीत. आधी मधलं टेकतं, मग पहिलं, आणि तिसरं वाट चुकल्यागत उशिरा येतं. तेवढ्यात पडद्यावरचा बाण भलतीकडे पळून जायचा. म्हणून मी प्रोग्रॅमला थांबायला शिकवलं: पहिलं बोट आलं तरी घाई करू नको, बाकीच्यांची वाट बघ. दुसऱ्या रविवारी कळलं, की तळहाताची कडही पॅडला लागते आणि प्रोग्रॅम तिला चौथं बोट समजतो. मग पॅडची खालची पट्टीच मोजणीतून काढून टाकली. दर वेळी काकू हात उचलून ठेवायच्या, मी आकडे बदलायचो, आणि सर म्हणायचे, "हं, परत."

तिसऱ्या प्रहरी कधीतरी झाकण हललं.

आधी थोडं डोललं. मग सर बोटं वर घेऊन गेले तसं ते हळूहळू मागं झुकलं, आडवं झालं, आणि पालथं पडलं. बुडाची आठ भोकं सरळ समोर आली.

सरांनी झाकण पुन्हा सुलटं केलं, पुन्हा पालथं केलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला हात उचलता येत नव्हता आणि उचलता आला असता तरी त्यांनी तो पॅडवरून काढला नसता. काकूंनी पदरानं पुसलं.

"आता साहेबांना सांग," सर म्हणाले. "मगदूम तपासतोय म्हणावं. पाठवा."

सोमवारी मी घोरपडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बटणाचं कौतुकही केलं. मग म्हणाले, "तोडकर, मला सांग, चूक राहिली तर धरायचं कुणाला? अंथरुणावरच्या माणसाला?"

"सरांची चूक राहत नाही, साहेब."

"राहत नव्हती. आता औषधं चालू आहेत, झोप नाही. त्यांना आराम करू दे. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीस ना? मग आजपासून तू तपास. चौकटीत तुझी सही."

मी मान डोलावली. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. केबिनमधून बाहेर पडताना सरांचं दुःख मनात होतं, पण त्याच्या बाजूला दुसरंही काहीतरी होतं, आणि ते दुःख नव्हतं. तिशी उलटली होती, आणि 'तपासले'च्या चौकटीत आपलं नाव यावं असं कुणाला वाटत नाही?

संध्याकाळी फुलेवाडीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा, साहेब नाही म्हणाले, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. दारातच काकू भेटल्या. "सकाळपासून विचारायला लागलेत, तोडकर आला का, तोडकर आला का," त्या म्हणाल्या. "मी सांगितलो, अहो, हापिस सुटू दे की." आत सर दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसलेले. बसलेले म्हणजे बसवलेले, पाठीला दोन उशा लावून.

"काय म्हणाले साहेब?"

"पाठवा म्हणाले," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून कसे गेले, ते मला आजही सांगता येत नाही. गेले खरे.

मग ते निस्तरणं आलं. कारखान्यात दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या भागांची मॉडेलं पडून होती. त्यांतलं एक मी उचललं, गियरच्या डब्याचं झाकण. नंबर बदलला, तारीख बदलली, गिऱ्हाइकाचं नाव बदललं. तरी सर ओळखतील अशी भीती होती, म्हणून मॉडेल आरशात धरल्यासारखं उलटवलं, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. सॉफ्टवेअरमध्ये हे एका आज्ञेचं काम. मला माझीच हुशारी वाटली.

शनिवारी ते घेऊन गेलो. सरांनी दोन तास बघितलं. तीन बोटं टेकायची, भाग फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा. शेवटी त्यांनी काकूंना वही घ्यायला लावली आणि दोन टिपा सांगितल्या. काकूंनी गोल अक्षरात त्या उतरवल्या. मी वही पिशवीत टाकली.

असे पाच शनिवार गेले. दर शनिवारी दोन मॉडेलं, सगळी जुनी, सगळी उलटवलेली. सर बारीक तपासायचे, कारखान्यात असताना तपासायचे त्यापेक्षाही बारीक. टिपा वाढत गेल्या, पहिल्यांदा दोन होत्या, पाचव्या शनिवारी पानभर झाल्या. त्या मी वाचल्या नाहीत. जे भाग पंधरा वर्षांपूर्वीच ओतून झाले, ट्रॅक्टरांत बसले, त्यांतले काही भंगारातही गेले, त्यांच्यावरच्या टिपा वाचून काय करायचं? काकू दारापर्यंत सोडायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "शनिवारी बघा कसे जेवतात. बाकीचे दिवस चमचा पुढं केला की तोंड फिरवतात." त्यावर माझा खोटेपणा मला पुण्यासारखा वाटायला लागला. एखाद्याचं भलं होतंय तर होऊ दे, आपलं काय जातंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मधल्या काळात कारखान्यात मी तपासत होतो. काम वाढलं होतं, गिऱ्हाईक मागं लागलं होतं. तिसऱ्या आठवड्यात एका गुरुवारी दुपारी ट्रॅक्टरच्या पंपाला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग माझ्यासमोर आलं. मी चारी बाजू बघितल्या, मापं जुळवली, सही केली. माझ्या माउसला मधलं बटण होतं. बोटात जोरही होता.

सहाव्या आठवड्यात पहिली साठ ब्रॅकेटं तयार होऊन चाचणीला गेली आणि त्यांतली अकरा चिरली. घोरपडे साहेबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "सोमवारपर्यंत मला कारण पाहिजे," ते म्हणाले. "धातूत दोष आहे का ओतण्यात, का तुझ्यात."

दोन दिवस मी धातूवर बोट दाखवत राहिलो, ओतणाऱ्यांशी भांडलो. शनिवारी दुसरा मार्ग उरला नाही. त्या आठवड्याची दोन खोटी मॉडेलं बाजूला ठेवली आणि ब्रॅकेटचं मॉडेल घेऊन फुलेवाडीला गेलो. सांगायचं काहीच नव्हतं. नेहमीसारखं तपासायला द्यायचं आणि सर काय म्हणतात ते ऐकायचं, असा बेत होता. लाज झाकायला आणखी एक खोटं, दुसरं काय.

काकूंनी सरांचा हात पॅडवर ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी बोटं जास्तच सावकाश टेकली. मी बाजूला बसून खाली बघत होतो. सरांनी ब्रॅकेट एकदा उजवीकडे फिरवलं, एकदा डावीकडे. मग पालथं घातलं आणि थांबले.

एक मिनिटसुद्धा झालं नसेल.

"हितं चिरलं व्हय रे?" त्यांनी विचारलं.

"काय चिरलं, सर?"

"हे. ही बुडाची फासळी भिंतीला मिळते तिथं बघ. दोन्ही जाड. सगळा धातू हितं गोळा होणार, सगळ्यात शेवटी थंड होणार, आणि आतून पोकळ राहणार. जोर पडला की फुटणार." त्यांचा आवाज त्या दिवसांत बारीक झाला होता, शब्द एकेक करून यायचे. "किती फुटली?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अकरा. साठातली."

"माणसाला कुणाला लागलं नाही नव्हं?"

"नाही. चाचणीलाच फुटली."

"बरं झालं." थोडा वेळ ते पडद्याकडे बघत राहिले. "ड्रॉइंग खाली कवा गेलं?"

"तीन आठवडे झाले."

"सही कुणाची?"

"माझी."

"मग तीन आठवड्यांपूर्वी मी काय तपासत होतो?"

मी मान वर केली नाही.

"गियरचं झाकण, आरशातलं," सरच म्हणाले. "ते पहिल्या शनिवारचं. तीन आठवड्यांपूर्वी होता क्लचचा डबा, तोही आरशातला."

"तुम्हाला..."

"त्या झाकणाच्या बुडाला अंगठ्याएवढा उंचवटा आहे. बघितलास?"

"नाही."

"ड्रॉइंगच्या दृष्टीनं त्याचं काही काम नाही. मी ठेवला होता. कडा घासायला तेव्हा आकाराम होता. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, झाकण निसटायचं. म्हणून त्याला धरायला उजव्या अंगाला उंचवटा दिला. तू आणलास त्यात तो डाव्या अंगाला आला होता." ते जरा थांबले, दम घेतला. "मला कळंना, आकारामचा तुटका हात कवापासून डावा झाला."

ते हसत होते की काय मला समजलं नाही. चेहऱ्याचे स्नायूही तेव्हा पूर्वीसारखे ऐकत नव्हते. मी आठ वर्षं त्यांच्याकडून एकच गोष्ट शिकलो होतो, आणि त्यांनाच फसवायला नेलेला भाग मी पालथा घालून बघितला नव्हता.

"पहिल्याच दिवशी कळलं, तर बोलला का नाहीत, सर?"

"काय बोलू? तू दोन रविवार बसून बटण करून दिलंस. शालन शेजारणीला सांगत होती, शनिवारी त्यांचं काम असतंय म्हणून." बोलता बोलता त्यांना धाप लागली. मला वाटलं दमले. तेवढ्यात म्हणाले, "आणि मला वाटलं, तू परीक्षा घ्यायला लागलाईस. आजारी माणूस आहे, डोकं चालतंय का नाही ते बघायलाच पाहिजे. जुनी ड्रॉइंगं देऊन बघतोय. नीट तपासून दिली की खरी आणंल. म्हणून मी नीट तपासत गेलो. टिपा वाचल्यास नव्हं तू?"

मी खाली बघितलं. तेच उत्तर झालं.

सरांनी डोळे मिटले. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मला पाय धरता आले असते. ते नुसते म्हणाले, "जा. फासळी पातळ कर, आणि तिथं गोलाई वाढव. सोमवारी साहेबांना सांग."

घरी जाऊन मी ती वही काढली. पाचव्या शनिवारच्या पानावर, काकूंच्या गोल अक्षरात, सातवी टीप अशी होती: 'बुडाची फासळी भिंतीला मिळते तिथे धातू साठतो. तोडकर, आता जे नवीन भाग काढत असशील त्यातही हे बघ.' ज्या जुन्या भागावर ती टीप होती, त्यात दोष किरकोळ होता. त्यांनी ती माझ्यासाठी लिहून घेतली होती. ब्रॅकेटं तेव्हा अजून साच्यात जायची होती. मी वही मिटली आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली, मला उठवेना.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं, उलटवलेल्या मॉडेलांसकट. त्यांनी वही मागून घेतली. बुधवारी मला बोलावून वही परत दिली आणि म्हणाले, "पाठव. जे नवीन येईल ते सगळं आधी मगदूमांकडे पाठव. चौकटीत त्यांचीच सही."

त्या शनिवारी मी तीन ड्रॉइंगं घेऊन गेलो, तिन्ही खरी. वाटेत स्कूटर चालवताना मी स्वतःशी बोलत होतो, सरांना काय सांगायचं, कसं सांगायचं. दारातूनच म्हणालो, "सर, साहेबांनी पाठवलीत. स्वतः पाठवलीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्या वेळी खोटं नाही हे त्यांना कळलं, मला ते दिसलं.

काकूंनी हात उचलून पॅडवर ठेवला. तीन बोटं टेकली. भाग हलला नाही.

"थांबा, आकडे बदलतो," मी म्हणालो. प्रोग्रॅमला अजून हळू केलं. मग दोन बोटांवर आणलं. मग एका. नुसतं एक बोट टेकून केसभर सरकलं तरी भाग फिरावा, इतकं सैल करून ठेवलं. काकूंनी दर वेळी हात नीट ठेवला. बोट टेकलेलं होतं. ते सरकत नव्हतं. सर त्याच्याकडे बघत होते, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसं. कपाळाला घाम आला होता. पडद्यावर नवीन भाग एकाच अंगानं उभा होता.

"उद्या येईल जोर," मी म्हणालो. "आज दमला असाल."

सरांनी मान हलवायचा प्रयत्न केला.

"सहा आठवडे बोटं चालत होती की रे," ते म्हणाले.

काकू पुढे झाल्या, त्यांनी हात पॅडवरून उचलून चादरीवर ठेवला आणि बोटं एकेक करून सरळ केली. मी लॅपटॉप बंद केला.